इब्री लढायांचा लेखनिक

संपादकांनी कामातले अनुभव लिहून मागितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. अशा अंकांत वकील लिहितात, फौजदार लिहितात, डॉक्टर लिहितात. त्यांच्यामागे उभ्या आयुष्याची नोकरी असते. मी अजून कॉलेजात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे जे लिहितो ते बरोबर की चूक हे विचारायलाही घरी कोणी नाही. माझ्या नावावर एकच काम आहे आणि तेही पुरे झाले नाही. ज्या पुस्तकासाठी ते केले ते छापले गेले नाही, आणि आता छापले जाणारही नाही. तरी ते काम कसे असते हे सांगणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

मी लेखनिक होतो. युद्धाच्या दिवसांत कॉलेज बंद पडले आणि मी पुण्याहून परत आलो. आमचे गाव शहादे तालुक्यातले कळसाडी. तिथे कापूस वेचण्यापलीकडे मला काही काम नव्हते, आणि कॉलेजात जाऊन आलेला मुलगा कापूस वेचताना दिसला की लोक बांधावर थांबून बघत. नंदुरबारला माझे मामा स्टेशनवर हमालांचे मुकादम होते. त्यांनी निरोप पाठवला की जुन्या स्टेशनमास्तरांना लिहायला माणूस हवा आहे, डोळ्यांनी अधू झालेत.

हे स्टेशनमास्तर म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. आमच्या भागात ही मंडळी कोणाला ठाऊक नव्हती. नाव शालोम, पण गावात सगळे मास्तरसाहेबच म्हणत. कोणी त्यांना पारशी समजे, कोणी मुसलमान. मामांना एवढेच माहीत होते की ते शनिवारी दिवा लावत नाहीत, चूल पेटवत नाहीत आणि लिहीत तर मुळीच नाहीत. "शनवारले सुट्टी शे तुले," मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले, "सायबाचं सरकारबी देत नही अशी."

नोकरी संपल्यावरही मास्तरसाहेब कोकणात परतले नव्हते. स्टेशनच्या मागेच भाड्याच्या घरात राहत. त्यांचा एकुलता मुलगा दानिएल फौजेत होता, दवाखान्याच्या पथकात. सिंगापूर पडले त्यानंतर त्याची खबर नव्हती. बेपत्ता, एवढाच सरकारी शब्द आला होता. "येईल तर गाडीनंच येईल," राहेलबाई म्हणायच्या. राहेलबाई म्हणजे मास्तरसाहेबांच्या पत्नी. मी त्यांना मावशी म्हणे. सुरतेकडची गाडी आली की त्या हातातले काम ठेवून ओट्यावर येत, उतारू बाहेर पडेपर्यंत उभ्या राहत आणि पुन्हा आत जात. मुलगा परतला की मलिदा करीन, असा त्यांनी नवस बोलला होता. गोड पोहे, खोबरे, फळे एलियाहू नबीच्या नावाने ठेवायची. पोहे त्यांनी निवडून डब्यात भरूनही ठेवले होते. जुने झाले की नवे भरत.

आता कामाविषयी. मास्तरसाहेबांजवळ इब्री, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथांच्या भाषेतला एक जाड कवितासंग्रह होता. दानिएलने तो मुंबईत एका बगदादी व्यापाऱ्याकडून मिळवला होता आणि फौजेत जाताना सांगितले होते, "बाबा, मी येईपर्यंत याचं मराठी करा. मग आपण छापू. आपल्या माणसांना प्रार्थना म्हणता येते, पण तिचा अर्थ कळत नाही." मास्तरसाहेबांचे वडील बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तने करीत, त्यामुळे घरात दोन्ही भाषा मुरलेल्या होत्या.

त्या कविता आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या, स्पेन देशातल्या. तिथे मुसलमान राजांच्या पदरी काही यहुदी कारभारी होते, आणि त्यांतले कोणी फौजेबरोबर मोहिमेवरही जात. मला हे ऐकून फार नवल वाटले. ज्यांना स्वतःचे राज्य नाही, त्यांनी दुसऱ्याच्या राज्यासाठी लढायचे आणि रात्री तंबूत बसून आपल्या भाषेत कविता करायची. मी हे बोललो तेव्हा मास्तरसाहेब हसले. "दानू काय वेगळं करतोय?" म्हणाले.

काम असे चाले. सकाळी उजेड खिडकीत आला की ते डोक्यावर टोपी घालून, भिंग डोळ्याला लावून एक ओळ इब्रीत मोठ्याने वाचत. मग तिचा सरळ अर्थ सांगत. मी तो उतरवी. मग ते विचारीत, "भाईदास, कळसाडीच्या माणसाला यात काय दिसेल?" मी सांगे. त्यावरून शब्द बदलत. नियम एकच होता: नसलेले घालायचे नाही, असलेले गाळायचे नाही.

त्या भाषेत तलवारीला धार नसते, तोंड असते. तलवार कापत नाही, खाते. हे मराठीत चालेल का, यावर आमचा एक पूर्ण दिवस गेला. शेवटी मावशी आतून म्हणाल्या, "जोडा चावतो ना? मग तलवार खाईना का!" तसेच ठेवले.

लढाईच्या कवितांत ठरलेल्या उपमा फिरून फिरून येतात. बाण पावसासारखे किंवा टोळधाडीसारखे. रक्त द्राक्षाच्या रसासारखे, आणि सैनिक ते पिऊन झिंगलेले. मेलेले शत्रू म्हणजे वाढलेले अन्न, आणि आकाशातून उतरणारी गिधाडे म्हणजे पाहुणे. याला मी "गिधाडांची पंगत" असे सुचवले. मास्तरसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "हे तुझं. हे मला कोकणात सुचलं नसतं." मला तेव्हा फार अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू, अजूनही तो शब्द मला चांगलाच वाटतो. वाईट एवढेच की तो चांगला आहे.

एका कवितेत रणांगण लाल रंगात बुडवलेल्या लोकरीसारखे दिसते, असे होते. लोकर आमच्याकडे कोण रंगवतो? मी म्हटले, गावाबाहेर मिरची वाळत घालतात तसे मैदान लाल झाले, असे करू. त्या वेळी मिरचीचे व्यापारी शेठजी ओट्यावर बसले होते. ते मारवाडी, युद्धाच्या बातम्या ऐकायला रोज येत. ते गंभीरपणे म्हणाले, "मास्तरसाहेब, एवढी लाल म्हणजे पहिल्या तोडीची मिरची. तुमच्या कवीला म्हणावं, आत्ताच विकू नका, थांबा."

एकदा शाळेतले एक तरुण मास्तर आले. त्यांचे नुकतेच लग्न ठरले होते. त्यांना मुलीला पाठवायला प्रेमाची कविता हवी होती. मास्तरसाहेबांनी तीन-चार वाचून दाखवल्या. सगळ्यांत मुलीच्या भुवया धनुष्य, डोळे बाण, केसांच्या बटा चाल करून येणारी फौज, आणि कवी जखमी होऊन पडलेला. शाळामास्तर गोंधळले. "साहेब, हीपण लढाईच झाली."

"त्यांच्याजवळ तेच सामान होतं," मास्तरसाहेब म्हणाले. "लढाईतून घरी आले आणि तेच शब्द घरात घेऊन आले."

मावशी दारातून म्हणाल्या, "आमच्याकडचे तर मला बघायला आले तेव्हा मुकाट्यानं पोहे खाऊन गेले. घायाळबियाळ काही दिसले नाहीत."

"आतून होतो," मास्तरसाहेब म्हणाले.

अशा वेळी त्या घरात हसू असे. ते मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही सतत रडत होतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. युद्धामुळे टीपकागद मिळेनासा झाला होता. तेव्हा मी जुन्या कारकुनांच्या रीतीने ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरवी. तापीची वाळू प्रकाशा गावाहून आणून, चाळून, एका पितळी डबीत ठेवली होती. ओळ लिहायची, वाळू टाकायची, शाई वाळली की कागद झटकायचा. एके दिवशी डबी रिकामी होती. मास्तरसाहेब पुढची ओळ सांगायच्या घाईत. कोपऱ्यातली ट्रंक मावशींनी उन्हाला कपडे घालायला उघडी ठेवली होती. तीत वरच एक लहान कापडी पिशवी दिसली. चाचपली तर आत बारीक मातीच. मला वाटले, चाळून ठेवलेली वाळू. मी दोरी सोडली आणि चिमूट उचलली.

"अरे, अरे! ठेव ती! ठेव!" मावशी एवढ्या जोराने ओरडल्या की माझ्या हातून दौत कलंडली. त्यांनी पिशवी हिसकावली, माझी बोटे पिशवीच्या तोंडावर धरून झटकली, एक कणही खाली पडू दिला नाही. "यरुशलेमची माती आहे ती! माणूस मेला की डोळ्यांवर घालतात. आमच्या दोघांपुरती आणून ठेवलीय. आणि हा मुलगा ती शाईवर टाकतोय!"

मी कानकोंडा झालो. मास्तरसाहेब मात्र बराच वेळ हसत होते. "घातली असती तर काय बिघडलं असतं, राहेल? माझं मरण जरा मराठीत झालं असतं."

"तुमच्या वाट्याची घाला मग. माझ्या वाट्याची मी देणार नाही," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेला कुलूप लावले.

अधूनमधून मी घरी जाई. आमचे आबा, म्हणजे वडील, शेतात नांगर धरणारे, अक्षरओळख नाही. त्यांना माझ्या कामाचे कोडे पडे.

"दिनभर बठीसन काय करस रे भाऊ?"

"लिखस, आबा."

"काय लिखस?"

"लढाई. नवशे वरीस जुनी."

"कोन जिकनं?"

"ज्यानी लिखं तो."

"मंग बरं शे," आबा म्हणाले. "हारेलनं काय लिखनं?"

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. खरोखरच त्या साऱ्या कविता एकाच तऱ्हेने संपत. शत्रू उघड्यावर पडलेला, आणि कवी घरी परतून देवाचे आभार मानतो आहे. मास्तरसाहेबांची एक सवय होती. लढाई अर्धी टाकून ते उठत नसत. दुपार टळली, जेवण निवले तरी आभारापर्यंत येऊन मगच भिंग खाली ठेवत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही, पण मला कळत होते. कागदावरचा माणूस घरी पोहोचल्याशिवाय त्यांना उठवत नसे.

त्याच काळात, बेचाळीसच्या चळवळीत, आमच्या नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्या सुटल्या आणि शाळेतली मुले रस्त्यावर पडली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला ते लिहिता येणार नाही. एवढेच सांगतो की त्यानंतर बरेच दिवस मास्तरसाहेबांनी पुस्तक उघडले नाही. मग उघडले तेव्हा बाण पावसासारखे आले अशी ओळ होती. ते थांबले. "असलेलं गाळायचं नाही," स्वतःशीच म्हणाले आणि ओळ सांगितली. मी लिहिली. त्या दिवशी शब्द बदलायला दोघांनाही सुचले नाही.

युद्ध संपले. गाड्या भरभरून येऊ लागल्या, खाकी कपड्यांतली माणसे उतरू लागली. मावशींनी पुन्हा नवे पोहे भरले. आमची शेवटची कविता सुरू होती, कवीचे नाव नसलेली. मास्तरसाहेबांनी तिचा वेग मुद्दाम कमी केला होता, असे मला वाटे. पहिल्यांदाच ते लढाई अर्धी टाकून उठू लागले. पुस्तक आणि मुलगा एकदमच पुरे व्हावेत, असे काही त्यांच्या मनात असावे.

त्या दिवसांत एक सकाळ अशी आली की ओट्यावर एक माणूस उभा होता. धुळ्याकडचा, हाडांचा सापळा झालेला. तो दानिएलबरोबर कैदेत होता. मामाच त्याला घेऊन आले होते, आणि मामा वर चढले नाहीत, पायरीखालीच थांबले. त्यावरूनच मला समजले.

तो माणूस बसायलाही तयार नव्हता. उभ्याने सांगू लागला. त्यांना जहाजातून कुठल्याशा बेटावर नेले होते. दानूभाऊ तिथेही आजाऱ्यांना बघत. मग त्यांनाच ताप आला, आणि जंगलातून चालवत नेताना ते बसले.

"आम्हले थांबू दिनं नही, सायेब," तो म्हणाला. "उचलू म्हनं तर मारेत."

मावशींनी विचारले, "माती दिलीत ना?"

तो माझ्याकडे बघू लागला, जणू मी काही सांगेन. मग म्हणाला, "माती कोठली, माय. पाला टाका आन् पुढे चालनूत."

त्यांच्या रीतीप्रमाणे दोघांनी अंगावरचा कपडा छातीशी फाडला आणि सात दिवस जमिनीवर बसले. मेलेल्यासाठी त्यांची एक प्रार्थना असते, पण ती म्हणायला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. नंदुरबारात ते एकटे. मी मूर्खासारखे विचारले, मी चालेन का? मास्तरसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. लोक येत होते. शेठजी आले, रोजच्या जागी न बसता खाली बसले. आबा कळसाडीहून बैलगाडीने आले, नदी ओलांडून. "मास्तर," ते म्हणाले, "माले काही बोलता येत नही. बठस फक्त." आणि संध्याकाळपर्यंत बसले. जाताना त्यांनी मला बाजूला घेतले, काही तरी सांगणार होते, पण नुसतेच माझ्या सदऱ्याची कॉलर नीट करून गेले.

आठव्या दिवशी मी गेलो तो निरोप घ्यायच्या विचाराने. कॉलेज पुन्हा सुरू झाले होते. मास्तरसाहेब टोपी घालून खिडकीपाशी बसले होते, पुस्तक उघडे.

"बस. लिही," ते म्हणाले.

"मास्तरसाहेब, आज राहू द्या."

"थोडंच उरलंय. त्यानं सांगितलं होतं."

मी डबी, दौत, कागद मांडले. त्यांनी ओळ वाचली. आवाज नेहमीसारखाच होता. अर्थ सांगितला. मी लिहिले: ते उघड्या रानात पडले. त्यांना उचलायला कोणी थांबले नाही. त्यांच्यावर गिधाडांची पंगत बसली.

मी डबीकडे हात नेला आणि थांबलो. मावशी दारात उभ्या होत्या. इतकी वर्षे त्या हे सगळे आतून ऐकत आल्या होत्या.

"यांच्यावर माती कोणी घातली?" त्यांनी विचारले.

"शत्रू आहेत ते, राहेल. कवितेतले."

"ते कळतं मला. माती कोणी घातली?"

मास्तरसाहेबांनी भिंग उचलले. खालची ओळ पाहिली, पान उलटले, पुन्हा मागे आले. ते खरेच शोधत होते. भिंगाचा उजेड पानावर इकडे तिकडे पळत होता.

"नाही," ते म्हणाले. "पुढे आभार आहेत. तो घरी पोहोचलाय. त्याला आनंद झालाय."

"मग तुम्ही घाला. दोन शब्द. कोणी तरी आलं आणि माती लोटली, एवढंच."

"नसलेलं कसं घालू?"

"मराठीत घाला. त्या कवीला काय कळणार आहे?"

मी लेखणी शाईत बुडवून तयार धरली. त्या क्षणी ते काहीही बोलले असते तरी मी लिहिले असते.

"नाही, राहेल," ते शेवटी म्हणाले. "त्यांच्याकडे कोणीच आलं नाही. तसंच लिहिलंय."

मावशी आत गेल्या. ट्रंकेचे कुलूप उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात ती पिशवी होती. त्या माझ्याजवळ खाली बसल्या. मी कागद मागे घ्यायला हवा होता की नको, मला कळले नाही. त्यांनी दोरी सोडली, बोटांनी माती घेतली आणि ओल्या ओळींवर हलक्या हाताने पसरली. ते शब्द दिसेनासे होईपर्यंत पसरली. मग पिशवी दाबून पाहिली. "माझ्या वाट्याची होती," त्या म्हणाल्या. "तुमची ठेवलीय."

मावशींनी काय केले ते मास्तरसाहेबांना भिंगाशिवाय दिसले नाही. त्यांनी हात पुढे केला, कागद चाचपला, बोटांना माती लागली. तापीची वाळू खरखरीत असते. ही मऊ होती. त्यांनी हात तिथेच ठेवला.

आभाराच्या ओळी त्यांनी सांगितल्या नाहीत. मी विचारले नाही. पुढे ती दोघे मुंबईला त्यांच्या माणसांत गेली, आणि मी पुण्याला.

त्या दिवशी सुरतेकडची गाडी आली, थांबली, निघून गेली. मावशी ओट्यावर गेल्या नाहीत. शाई केव्हाच वाळली होती. वाळली की कागद झटकायचा, हे माझे काम होते. मी तो दोन्ही तळव्यांवर आडवा धरून, कण सांडू न देता, तसाच बसून राहिलो.